शाळेच्या कागदावर आपली जमात चोर ठरली, तर अर्ज कसा करायचा

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, पंचायत समितीच्या गेटासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर मोठ्या अक्षरात टायपिंग, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, आणि खाली बारीक अक्षरात ‘अर्ज लिहून मिळतील’. पीकविमा, घरकुल, जात पडताळणी, सगळे कागद हाताखालून जातात. आसपासच्या शाळांचे स्वाध्यायही माझ्याकडंच निघतात. त्यामुळं ज्या कागदावरून गावात तंटा पेटतो तो बऱ्याचदा याच मशीनवर निघालेला असतो, आणि त्याच्याविरुद्धचा अर्जही इथंच निघतो.

या तंट्यांचा एक ठरलेला नमुना आहे. कुणाच्या तरी लेकराच्या वहीत आपल्या जातीबद्दल, रंगाबद्दल, धर्माबद्दल काहीतरी वंगाळ सापडतं. फोटो ग्रुपवर जातो. दुसऱ्या दिवशी शाळेसमोर मोटारसायकलींची रांग. गुरुजी हात जोडतात, कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढतो, रात्री स्टेटसला ‘एकजुटीचा विजय’. आणि पुढच्या जूनमध्ये तीच पीडीएफ शेजारच्या केंद्रातल्या (केंद्र म्हणजे जवळच्या शाळांचा गट) शाळेत वाटली जाते, कारण तिला कुणी हातच लावलेला नसतो. सगळे गुरुजींना धरतात, वाक्याला कुणी धरत नाही. वाक्याला कसं धरायचं ते सांगतो.

आधी कागद सांभाळा

एक कागद डोळ्यांसमोर ठेवू, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. चौथीच्या परिसर अभ्यासाचा सराव. ‘जोड्या लावा.’ डावीकडं वडार, कैकाडी, पारधी, बंजारा. उजवीकडं टोपल्या विणणे, नाचगाणे, दगड फोडणे, आणि ‘शिकार व चोऱ्या’. कागद घेऊन आलेला बाप पारधी होता. त्याच्या लेकीनं चारही जोड्या बरोबर लावल्या होत्या. पेन्सिलची रेघ पट्टी धरून पारध्यापासून चोऱ्यांपर्यंत सरळ ओढलेली, त्यावर लाल शाईत बरोबरची खूण, शेजारी ‘छान’ आणि एक चांदणी. बापाला वाचता येत नव्हतं. लेकीनंच खुशीत वाचून दाखवलं होतं, सगळे मार्क मिळाले म्हणून. तो मला एवढंच म्हणाला, “भाऊ, ह्यात छान काय हाय?”

असा कागद हाती आला की चुरगळू नका, फाडू नका, त्यावर पेनानं गोल करू नका. मूळ कागद जसाच्या तसा प्लास्टिकच्या पाकिटात घाला. तो कधी मिळाला, कुठल्या वर्गात, कुठल्या विषयाला, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. पुस्तक असेल तर तीन फोटो घ्या: मुखपृष्ठ, आतलं प्रकाशनाचं पान, आणि ते पान संपूर्ण. नुसत्या एका ओळीचा फोटो कामाचा नाही. समोरचा पहिला प्रश्न हाच टाकतो की मागचंपुढचं कुठंय. मोबाइलवर आलेली पीडीएफ असेल तर ती फाइल मूळ नावासकट जपून ठेवा, नुसता स्क्रीनशॉट नको. फाइलच्या नावातच अर्धा पत्ता असतो. पानाच्या खालच्या कोपऱ्यात तयार करणाऱ्याचं नाव नाहीतर ग्रुपचं नाव बहुतेक वेळा असतंच.

झेरॉक्स काढताना लेकराचं नाव, हजेरी क्रमांक आणि शक्यतो अक्षरही झाका. मी काचेवर कागद ठेवायच्या आधी नावावर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवतो आणि मग झाकण लावतो. दोन सेकंदांचं काम. अर्जाला हीच प्रत जोडायची. मूळ प्रत घरी ठेवायची, कुणी साहेब मागितली तरी फक्त दाखवायची.

हे आलं कुठून

वाक्य कुठून आलं त्यावर अर्ज कुणाकडं जाणार ते ठरतं. इथंच सगळ्यांची गल्लत होते. आपल्याकडं शाळेत मिळालेल्या प्रत्येक छापील कागदाला लोक ‘सरकारी पुस्तक’ म्हणतात. बालभारती, म्हणजे १९६७ साली पुण्यात सुरू झालेलं पाठ्यपुस्तक मंडळ, हे एक. गाइड, व्यवसायमाला, शिष्यवृत्तीचे सराव संच काढणारे खाजगी प्रकाशक दुसरे. तंत्रस्नेही शिक्षकांनी रात्री बसून बनवलेल्या आणि ग्रुपमधून फिरणाऱ्या पीडीएफ तिसऱ्या. भिंतीवरचे तक्ते, गॅदरिंगचे नाच आणि गुरुजींच्या तोंडून निघालेलं वाक्य हे चौथं. माझ्या मशीनवरचा अनुभव विचाराल तर सगळ्यात जास्त घाण तिसऱ्या ढिगात असते. तिथं कुणी तपासणारा नसतो, आणि एका गुरुजींचं दुसरे, दुसऱ्यांचं तिसरे उतरवत जातात.

सरकारी पुस्तकात काही सापडतच नाही असं मात्र समजू नका. बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात हुंड्याची कारणं सांगताना मुलगी कुरूप किंवा अपंग असेल तर लग्न जमणं अवघड जातं आणि म्हणून हुंडा जास्त द्यावा लागतो, असा मजकूर होता. २०१७ साली तो उजेडात आला, राज्यभर गदारोळ झाला आणि शिक्षणमंत्र्यांना उत्तर द्यावं लागलं. त्याआधी ते पुस्तक काही वर्षं बिनबोभाट शिकवलं जात होतं. खाजगी पुस्तकाचा नमुना २०१२ चा आहे. सहावीला वापरल्या जाणाऱ्या आरोग्याच्या एका इंग्रजी पुस्तकात लिहिलं होतं की मांसाहारी माणसं सहज फसवतात, खोटं बोलतात, चोऱ्या करतात. आपल्या मराठवाड्यात किती घरी रविवारी काय शिजतं ते पाहता अर्धा वर्ग त्यात आला असता. आणि पश्चिम बंगालमध्ये बर्दवानच्या एका शाळेत २०२० साली लहान लेकरांच्या इंग्रजी मुळाक्षरांच्या पुस्तकात ‘यू फॉर अग्ली’ म्हणून काळ्या रंगाच्या मुलाचं चित्र होतं. दोन शिक्षिका निलंबित झाल्या. ते पुस्तक सरकारनं दिलेलं नव्हतं, शाळेनं आपल्या पातळीवर लावलं होतं.

म्हणजे पत्ते असे. बालभारतीचं पुस्तक असेल तर शाळेला दोष देऊन फायदा नाही. शाळेला प्रत द्या, पण मूळ अर्ज पुण्याला मंडळाच्या संचालकांच्या नावे पाठवा. पुस्तकाचं पूर्ण नाव, इयत्ता, माध्यम, पुनर्मुद्रणाचं वर्ष, पान आणि ओळ लिहा. पुनर्मुद्रणाचं वर्ष विसरू नका, नाहीतर ‘नव्या आवृत्तीत पाहू’ असं उत्तर यायला जागा राहते. खाजगी पुस्तक असेल तर एक अर्ज शाळेला, हे पुस्तक बंद करा म्हणून, आणि दुसरा प्रकाशकाला. सीबीएसईची शाळा असेल तर मुख्याध्यापकांनंतर त्यांचं पुण्याचं विभागीय कार्यालय. पीडीएफ असेल तर मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. पीडीएफ एका शाळेची नसते, ती केंद्राकेंद्रातून फिरत असते, म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्यांचं नाव पहिल्याच अर्जात ‘प्रत माहितीस्तव’ म्हणून घालायचं.

अपमान आणि इतिहास

अर्ज टाइप करायच्या आधी मी प्रत्येकाला तो धडा मोठ्यानं वाचायला लावतो. काही जण चिडतात. पण जातीचं नाव आलं म्हणजे अपमान झाला असं नसतं. अस्पृश्यतेचा धडा असेल तर त्यात अस्पृश्यता येणारच, पाणवठा येणारच. ते काढून टाकलं तर लेकरांना वाटेल की असं काही घडलंच नव्हतं, आणि ते कुणाच्या सोयीचं आहे ते मी सांगायला नको.

मी वाक्य असं तपासतो: या माणसांवर काय लादलं गेलं ते हे वाक्य सांगतंय, की ही माणसं मुळात अशीच असतात असं सांगतंय? ‘इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या’ हा इतिहास आहे, आणि तो शिकवलाच पाहिजे. ‘पारधी चोऱ्या करतात’ हे त्याच कायद्याचं उष्टं आहे. चोरी रक्तातून उतरते, बापाकडून लेकराकडं जाते, ही साहेबांच्या डोक्यातली वंशाची कल्पना. तिच्यापायी माणसांना हजेऱ्या लावल्या, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलं. तो कायदा गेला, ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या, अजूनही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. चौथीच्या जोड्या मात्र १८७१ मध्येच अडकल्यात. मी स्वतः वडार. ‘दगड फोडणे’ या जोडीनं मला त्या पारधी बापाइतका राग येत नाही, पण माझ्या पोरानं फार्मसी करायची ठरवलंय, त्याच्यासमोर ती रेघ कोण ओढणार?

या तपासणीत घोळ झाला की काय होतं ते २०१२ साली दिसलं. एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या शालेय पुस्तकं काढणाऱ्या संस्थेच्या, अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेलं व्यंगचित्र होतं. राज्यघटनेच्या कामाला लागणाऱ्या वेळेवर. त्यात बाबासाहेब होते. संसदेत गोंधळ झाला, त्या पुस्तकाचे सल्लागार असलेले सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. ते चित्र पाहून अनेकांना मनापासून लागलं, आणि ते लागणं मी खोटं म्हणणार नाही. पण तोडफोडीनंतर चित्राबद्दल बोलायचं राहिलं आणि सगळे तोडफोडीबद्दल बोलायला लागले. तुमच्या शाळेची खुर्ची मोडली की ते वाक्य सहीसलामत सुटलं, इतकं साधं गणित आहे.

शाळेत जाताना

दोघं जा, फार तर तिघं. एक तरी बाई असू द्या. शाळा सुटायच्या वेळेला जा, परिपाठाच्या वेळेला नको; सगळ्या लेकरांसमोर बोलणं झालं की गुरुजींना माघार घेता येत नाही. पहिला प्रश्न आरोपाचा नसावा. “सर, हा कागद कुठून मिळाला तुम्हाला?” एवढंच. दहातल्या बहुतेक वेळी उत्तर येतं, “अहो भाऊ, ग्रुपवर आला होता, तसाच झेरॉक्सला दिला.” हे उत्तर मिळालं की अर्धं काम झालं, कारण आता तुमचं भांडण सरांशी राहिलं नाही, त्या फाइलशी आहे. कोणता ग्रुप, कुणी टाकली, ते तिथंच विचारून घ्या. बऱ्याचदा सर स्वतःच फाइल पुढं पाठवतात.

कधी कधी उलट उत्तरही येतं. “पण खरंच आहे की, तुमच्यातले करतातच.” अशा वेळी आवाज चढवू नका. “सर, हे वाक्य मी अर्जात लिहितो, चालेल का?” असं शांतपणे विचारा. बहुतेकांना तेवढं पुरतं. नाही पुरलं तर खरंच लिहा, तारीख, वेळ आणि सोबत कोण होतं त्यांच्या नावासकट.

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बाया. ती कागदावर असते, मला ठाऊक आहे, सह्या घरी जाऊन घेतात. तरीही विषय तिच्या सभेत मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. इतिवृत्ताची प्रत मागा. पुढं बीडला जायची वेळ आली तर हा कागद सगळ्यात वजनदार ठरतो.

अर्ज

अर्ज एका पानाचा. दोन पानं झाली की वाचणारा खालची सही पाहतो आणि बाजूला ठेवतो. शिव्या नकोत, कविता नको, ‘तीव्र निषेध’ एकदाच. महापुरुषांची नावं पहिल्या परिच्छेदात ओळीनं घालायची सवय आहे आपल्याकडं; ती जागा वाक्याला द्या. त्या पारधी बापासाठी मी जो अर्ज टाइप केला तो साधारण असा होता:

प्रति, मा. मुख्याध्यापक.
विषय: इयत्ता चौथी, परिसर अभ्यास सराव कागदातील अपमानकारक मजकूर मागे घेणेबाबत.
महोदय, माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता चौथीत शिकते. वर्गात दिलेल्या सराव कागदातील प्रश्न २ मध्ये ‘पारधी’ या जमातीची जोडी ‘शिकार व चोऱ्या’ या उत्तराशी लावण्यास सांगितले आहे. प्रत सोबत जोडली आहे. एखाद्या जमातीत जन्मलेले मूल चोर असते, असे हा प्रश्न मुलांना शिकवतो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ नुसार अभ्यासक्रम राज्यघटनेतील मूल्यांना धरून आणि मुलाला भीतीपासून मुक्त ठेवणारा असावा लागतो. तरी विनंती की, एक, हा कागद वर्गातून परत घ्यावा. दोन, ज्या ग्रुपमधून तो आला तेथे दुरुस्ती कळवावी व तसे मला लेखी द्यावे. तीन, सोबत जोडलेला पर्यायी प्रश्न किंवा आपण ठरवाल तो प्रश्न मुलांकडून सोडवून घ्यावा. चार, माझ्या मुलीला या अर्जावरून वर्गात काही विचारले जाऊ नये.
प्रत माहितीस्तव: मा. केंद्रप्रमुख, मा. गटशिक्षणाधिकारी.

तिसऱ्या मागणीवर माझा फार जीव आहे. नुसतं ‘काढा’ म्हटलं की सरांपुढं भोक पडतं. तास घ्यायचाय, मार्क द्यायचेत. त्या भोकात काय भरायचं ते आपणच लिहून न्यायचं. आम्ही जोड्या बदलल्या: डावीकडं घण, सुई, करवत, नांगर आणि उजवीकडं त्यांची कामं. लेकरांना हत्यारं ओळखता आली, आणि कुठल्या हाताची कुठली जात हा प्रश्नच उरला नाही. सरांनी त्या दिवशी ते मान्य केलं ते बहुधा तयार मिळालं म्हणूनच. असू दे.

अर्ज दोन प्रतींत. एक द्यायची, दुसरीवर आवकचा शिक्का, तारीख, क्रमांक घ्यायचा. ‘ठेवून जा, साहेब आल्यावर देतो’ हे ऐकून घरी यायचं नाही. पोच मिळत नसेल तर तिथून सरळ पोस्टात, स्पीड पोस्ट करा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचा. टाचणी नको, स्टेपल मारा. टाचणीचे कागद हरवतात.

कायदा किती ताणायचा

‘अॅट्रॉसिटी टाकू का?’ हा प्रश्न दुकानात सगळ्यात आधी येतो. तो कायदा अनुसूचित जाती आणि जमातींसाठी आहे. पारधी आपल्याकडं अनुसूचित जमातीत येतात, पण वडार, कैकाडी, बंजारा मराठवाड्यात विमुक्त जातींत आहेत, त्यांना तो लागू होत नाही. हे न कळल्यामुळं लोक पोलीस ठाण्यातून हात हलवत परत येतात आणि समोरचा हसतो. ज्यांना लागू आहे त्यांनीही विचार करावा. सरांनी वर्गात सगळ्यांसमोर लेकराला जातीवरून घालूनपाडून बोललं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं वकिलाला भेटायला उशीर करू नका. ग्रुपवरचा कागद न वाचता वाटणं हा निष्काळजीपणा आहे. दोन्हीला एकाच मापानं मोजलं की खऱ्या प्रकरणाची किंमत कमी होते, असं माझं मत आहे. आमच्यातल्याच काहींना ते पटत नाही.

शिक्षण हक्क कायदा मात्र सगळ्या जातीजमातींच्या लेकरांना लागतो, आठवीपर्यंत. कलम १७ मारहाणीसोबत मानसिक त्रासालाही मनाई करतं. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडं, म्हणजे खेड्यात जिल्हा परिषदेकडं, लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा. नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील. अर्जाचं काय झालं ते कळत नसेल तर माहितीचा अधिकार: जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. एका अर्जात एकच विषय ठेवा. ‘माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या सर्व कागदांच्या प्रती द्याव्यात’, एवढंच विचारायचं. ‘का केलं नाही’ असं विचारलं की ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’ असं उत्तर ठरलेलं.

एक सोपा मुद्दा जुन्या वस्त्यांच्या नावांसाठी आहे. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं गावोगावच्या जातीवाचक वस्त्यांची नावं बदलून समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावं द्यायचं ठरवलं. नकाशा काढा, पत्ता लिहा अशा स्वाध्यायांत अजूनही जुनी नावं येतात. त्यासाठी भांडावंही लागत नाही, त्या निर्णयाची प्रत जोडली की मुख्याध्यापक स्वतः खोडतात.

गॅदरिंगचा ‘आदिवासी डान्स’

गॅदरिंगच्या दिवसांत माझ्याकडं काळ्या रंगाची चौकशी होते. दुकानात पोस्टर कलर ठेवतो ना. अंगाला काळं फासायचं, कमरेला अशोकाची पानं, हातात पुठ्ठ्याचा भाला, आणि गाण्यावर हुर्र हुर्र करत उड्या मारायच्या. पालक हसून हसून लोटपोट. यात कुणाचं नाव घेतलेलं नसतं म्हणून कुणी अर्जही करत नाही. पण किनवट-माहूरकडं गोंड, कोलाम, आंध राहतात. त्यांची लेकरं आश्रमशाळेत, वसतिगृहात शिकतात, टीव्ही बघतात, मोबाइल वापरतात. पानं नेसून कोण फिरतंय? शेजारच्या तेलंगणातल्या आदिलाबादेत गोंडांचा दिवाळीतला घुसाडी नाच बघा एकदा, मोरपिसांचे ते टोप उचलायलाच ताकद लागते. नाचवायचंच असेल तर तसं काही शिकून नाचवा.

इथं अर्ज नंतर करून उपयोग नाही. नाच होऊन जातो, फोटो राहतात. कार्यक्रमपत्रिका छापायला येते तेव्हाच बघायचं. त्यात ‘आदिवासी नृत्य’ दिसलं की गॅदरिंगच्या बाईंना भेटा आणि दोनच गोष्टी मागा: अंगाला काळं लावायचं नाही, आणि निवेदनात कोणत्या जमातीचा कोणता नाच ते सांगायचं. दुसऱ्या अटीनं पहिली आपोआप सुटते, कारण नाव सांगायचं म्हटलं की माहिती काढावी लागते. मॅडम ऐकतात, फक्त ड्रेसवाल्याला अॅडव्हान्स द्यायच्या आधी भेटा.

फोटो टाकायचाच असेल तर

टाकू नका असं मी म्हणत नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये २०१५ साली एका काळ्या मुलानं आपल्या भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशाचा फोटो आईला पाठवला. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लाखो माणसांना त्यात ‘कामगार’ म्हटलं होतं, तेही स्थलांतराच्या धड्यात, जणू ते रोजगार शोधत आले होते. आईनं तो मजकूर लोकांपुढं ठेवला, पान उघडून दाखवलं, प्रकाशकाचं नाव दाखवलं. शाळेच्या शिक्षकावर ती घसरली नाही. मॅक्ग्रॉ हिलसारख्या मोठ्या प्रकाशकाला चूक कबूल करावी लागली, त्यांनी डिजिटल आवृत्ती बदलली आणि छापील पुस्तकांवर चिकटवायला दुरुस्तीचे स्टिकर देऊ केले. झेरॉक्सवाला म्हणून मला ते स्टिकर फार आवडले. पुस्तक परत मागवायला वर्ष जातं, लेबलचा कागद त्याच दिवशी निघतो. शाळेनं मागितलं तर मी वर्गापुरती लेबलं फुकट काढून देतो.

त्या बाईंकडून घ्यायचं ते एवढं: पान दाखवा, माणूस नको. तुमच्या पोस्टमध्ये शाळेचं नाव, सरांचा फोटो, लेकराची वही यातलं काहीही नको. वाक्य, पुस्तकाचं नाव, पान आणि तुमची मागणी, बस्स. वार्ताहर आला तर तो लेकराचा फोटो मागणारच, ‘पाठमोरा घेतो’ म्हणेल. पाठमोरंही गावाला ओळखू येतं.

लेकरू

अर्ज दिल्यावर लेकराला रोज ‘काय म्हणाले सर?’ असं विचारून पिळू नका. पण नजर ठेवा. जागा बदलली का, खिचडीच्या रांगेत मागं ढकललं जातंय का, गृहपाठ तपासायचा राहतोय का. असं काही दिसलं की दुसरा, छोटा अर्ज, पहिल्याचा आवक क्रमांक घालून. आणि तक्रारीशिवायही शाळेत जात राहा. झेंडावंदनाला जा, पालकसभेला जा. जो बाप फक्त भांडायला येतो त्याच्या लेकराकडं मास्तर सावधपणे बघतात. हे चांगलं नाही, पण असं आहे.

त्या मुलीला बापानं काय सांगावं हे त्यानं मला विचारलं होतं. मी म्हटलं, उत्तर तिनं बरोबरच लिहिलं होतं, प्रश्न चुकला होता, एवढं सांग. तो म्हणाला, “मंग तिची चांदणी?” ती राहू द्या म्हटलं.

फाइलमध्ये काय काय ठेवायचं: मूळ कागद, नाव झाकलेली प्रत, पोच असलेला अर्ज, पोस्टाच्या पावत्या, इतिवृत्ताची प्रत, शाळेचं लेखी उत्तर. ही फाइल काम झालं म्हणून फेकू नका. ऊसतोडीला जाणार असाल तर दिवाळीआधीच ती घरी राहणाऱ्या कुणाकडं तरी द्या, आजीकडं, चुलत्याकडं, कारण उत्तर तुम्ही फडावर असतानाच येतं आणि त्यात दिलेली तारीख निघून जाते. आणि जूनमध्ये, नवीन स्वाध्यायांचे गठ्ठे झेरॉक्सला यायला लागतात तेव्हा, आपापल्या गावच्या दुकानदाराला एक झेरॉक्स प्रत देऊन ठेवा आणि सांगा की ही फाइल परत आली तर फोन कर. जुनी पीडीएफ नाव बदलून येते, पण जोड्या त्याच असतात.